एकाच बाजेवर

“बापाचंच रगत ते. गोळ्यांनं काय होते?” नलूआत्याच्या तेरवीच्या पंगतीत वरण वाढता वाढता काकू शेजारणीला म्हणाली. आत्याची पंधरा वर्षांची मुलगी मीनल पाण्याचा जग घेऊन तिच्या मागेच उभी होती. जग खाली ठेवून ती आत गेली.

आत्या कळंबला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. माणसाच्या उदासीत रक्ताचा वाटा किती, हे ती जुळ्यांवरून मोजत होती. हुबेहूब सारख्या जुळ्यांची उत्तरं, इतर जुळ्यांपेक्षा एकमेकांशी जितकी जास्त जुळतील, तितका वाटा रक्ताचा, अशी ती रीत. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शेवटची वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असत. ती स्वतःही उदासीवरच्या गोळ्या घ्यायची. प्रश्न तिथूनच आला असावा... मी कधी विचारलं नाही.

सुट्टीत मी तिच्याबरोबर मारेगावकडच्या गावांतून फिरले. ती विचारायची, मी लिहायची. माझं इंग्रजी शाळेतलं मराठी अक्षर बघून म्हणायची, “काय लिहून राह्यली वो, मले तं मुंग्याच दिसतात.” सारख्या दिसणाऱ्या बहिणी एकाच बाजेवर बसत. एक सांगायची, दुसरी म्हणायची, “माह्यं बी तेच लिहा.” भाऊ-बहीण जुळे असले की भाऊ अंगणात आणि बहीण चुलीपाशी. त्यांना वेगवेगळं विचारलं जाई, उत्तरंही वेगळी येत. दुसऱ्याच गावात मला हे खटकलं. पण ती प्राध्यापक, मी कोण... मी लिहीत राहिले.

रक्ताचा वाटा फार मोठा निघाला. असा आकडा साऱ्या लोकांचा मिळून असतो, एका माणसाचं त्यातून काही सांगता येत नाही, हे तीच वर्गात शिकवायची. तरी म्हणाली, “आता कायले खाऊ गोळ्या? बाबाचंच आलं हे.” आधी गोळ्या सुटल्या, मग जेवण, मग उठणं. शेवटी साध्या तापानं ती गेली. उशाशी बसूनही त्या उत्तरांचं मी तिला सांगितलं नाही.

पंगतीतून उठून मी आत गेले, तर मीनल आत्याच्या खोलीत होती. खुंटीवर चिमटा लावलेला पुठ्ठा तसाच लटकत होता. वरच्याच दोन कागदांवर दोन बहिणींची उत्तरं होती, माझ्या मुंग्यांसारख्या अक्षरात, ओळीला ओळ सारखी.

“ताई, मलेही होईल का?”

पुठ्ठा काढून मी तिच्या हातात दिला. मग मी बोलले ते बाहेर काकूलाही ऐकू गेलं असेल.

“आम्ही त्यांना एकाच बाजेवर बसवून विचारलं होतं, मीनल. तो आकडा चुकीचा होता. मला माहीत होतं.”