स्टेअरिंगचा प्ले

ग्रीसचा वास आला की द्वारका चौकाजवळचं आमचं गॅरेज आठवतं. पिंपळगावचे एक काका जुनी पिकअप घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, दारू पेल्यावानी चालती हो!" खाली वाकून चाक हलवलं, तर चाकं वळवणाऱ्या दांड्याचा, टायरॉडचा सांधा पार झिजलेला; निखळला तर गाडी ताब्यात राहत नाही. नवा उद्या मिळणार होता, आणि त्यांना त्याच दिवशी तान्ह्या बाळासकट लेकीला घाटाखाली सासरी पोचवायचं होतं. गिऱ्हाईक जाईल म्हणून मी नुसता स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला. स्टेअरिंगचा ढिलेपणा, म्हणजे प्ले, हाताला लागेना; सांधा मात्र तसाच. "एक नंबर!" म्हणत ते निघाले. दिवसभर फोन वाजला की दचकत होतो. संध्याकाळी ते हसत परतले, तेव्हा "सांधा बघायचा राहिला," म्हणून मी गाडी गॅरेजातच ठेवून घेतली. राहिला नव्हता, बघूनच सोडला होता, हे आज प्रथमच सांगतोय.