पान्याच्या नावाची सव्वा मूठ

पिंप्राळ्यातल्या आमच्या सासुरवाडीला कधी आग लागली, तर आमचे सासरे आधी देवघरातले देव बाहेर काढतील की पलंगाखालची हत्यारांची पेटी, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नाही. देवांनासुद्धा उत्तर ठाऊक आहे. ते आपले आपण बाहेर पडतील.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्यभर आवक-जावक करत बसला, पण त्याचा जीव मात्र पाना, पकड, पेचकस आणि हातोडी यांच्यात. बरं, ही हत्यारं कुठली? दुकानातली, खोक्यातली, हमीपत्राची नव्हेत. पाचोऱ्याच्या आठवडे बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून गंजकी लोखंडं विकणारे बसतात, त्यांच्याकडची. आबा त्या गोणपाटासमोर उकिडवे बसत आणि मुलगी पाहायला आल्यासारखे एकेक हत्यार निरखत. हातोडी कानाशी नेऊन वाजवत. पकडीचा वास घेत. पेचकस खिशात घालून बाजाराला एक चक्कर मारून येत आणि तोवर तो मांडीला टोचला नाही, तरच सौदा. विकणारा बिचारा धरून चाले की माणूस पळाला. एवढं करून आबा निवडत ते नेमकं वाकडं, चिरलेलं, दात पडलेलं हत्यार. का, तर म्हणत, "ज्यानी खोड दिखस, तो बरा. ज्यानी दिखत नही, तो घर लयी गया का मंग दखाडस." हे तत्त्व त्यांनी हत्यारांपुरतंच ठेवलं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

पेटी म्हणजे सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, माहेरची हिरवी पत्र्याची ट्रंक. लग्नात तिच्यातून साड्या आल्या होत्या. वर्षभरात साड्या खुंटीवर गेल्या आणि पेटीत पहिली करवत निजली. अक्का अजून सांगतात की सवत आणली असती तर निदान भाकरी तरी थापू लागली असती. पेटीतल्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. करवत फक्त ओढताना कापते, ढकलताना नुसती हिंडते. पकड गुडघ्यावर आपटल्याशिवाय तोंड उघडत नाही. हातोडीचं डोकं मधूनच दांड्याला सोडून जातं, म्हणून आबा खिळा ठोकायला घेतात तेव्हा घरची मंडळी अंगणात येऊन उभी राहतात. मोजायच्या फितीचा सुरुवातीचा तुकडा तुटलेला आहे. तो आबांना हिशेबात धरावा लागतो आणि ते तो धरायला विसरतात. त्यामुळे त्या घरातलं प्रत्येक फळकूट चार बोटं तोकडं आहे. आबांनी स्वतः केलेल्या पलंगावर मी लग्नानंतर पहिल्यांदा झोपलो, तेव्हा माझे पाय रात्रभर पाहुण्यासारखे बाहेर होते.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. कवडीमोलानं आणलेली ही मंडळी मोडत नाहीत. आबांची नोकरी संपली, दोन स्कूटरी भंगारात गेल्या, घराचा रंग कितीदा बदलला, पण पेटीतलं एकही हत्यार निवृत्त झालं नाही. आबा त्यांना दर अमावास्येला करडईचं तेल लावतात. अक्कांच्या गुडघ्यांना लावायचं तेल तेच आणि बाटलीही तीच, पण क्रम मात्र ठरलेला आहे. आधी पाना, मग अक्का.

दुरुस्तीचं म्हणाल तर आबांच्या हाताला यश आहे, घाई नाही. गळका नळ बांधायला ते सकाळी बसले की दुपारी शेजारच्यांकडून पाणी आणावं लागे. पण संध्याकाळी नळ थांबे, आणि असा थांबे की पुढे उघडायलाही आबाच लागत. एकदा त्यांनी स्कूटर खोलून परत जोडली, तर वाटीभर स्क्रू उरले. मी घाबरून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "ह्या जादाना व्हतात. कंपनीवाला भ्याईसन जादा टाकतस." ती स्कूटर पुढे कितीतरी वर्षं एरंडोलपर्यंत जाऊन येत होती. फक्त येताना तिचा आवाज घरच्यांना चौकातूनच ओळखू येई, एवढंच.

हत्यार उसनं देणं हा प्रकार आबांना मान्य नाही. कोणी पकड मागायला आलं, की आबा चपला घालतात आणि पकडीबरोबर स्वतः जातात. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते तसे. तिथं मागणाऱ्याच्या घरी खुर्ची टाकून बसतात, चहा घेतात, आणि काम चालू असताना पकडीकडे असं बघतात की मागणारा ओशाळून तार दातांनीच सोलतो. कॉलनीतल्या एका मास्तरांनी कुलूप तोडायला हातोडी मागितली होती. आबा तिथं इतका वेळ बसले की मास्तरांनी शेवटी जेवायलाच वाढलं. कुलूप तसंच राहिलं. मास्तर अजून मागच्या दारानं ये-जा करतात.

आबांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, पुण्याला चांगल्या नोकरीत आहे. वडिलांना म्हातारपणी त्रास नको म्हणून त्यानं एकदा मोबाइलवरून भारीपैकी लाल पेटी मागवली. आत मखमलीसारख्या खाचांत चकचकीत हत्यारं आणि एक विजेचं ड्रिल. आबांनी ती सगळी पाहिली, वास घेतला आणि म्हणाले, यांना काही वासच नाही. ड्रिल पहिल्याच भिंतीत अर्ध्यावर गुरगुरून गप्प झालं. आबांनी त्याच्यावर फडकं पांघरलं आणि मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवून सांत्वन केलं. त्या लाल पेटीत अक्का आता लसूण ठेवतात. लसूण मात्र फार छान राहतो.

या सगळ्यात माझी जागा कुठली? कुठलीच नाही. मी धुळ्याचा, एका पतपेढीत नोकरीला, आणि मला लहानपणापासून खुडबुडीची हौस. लग्नानंतर पहिल्याच भेटीत मी आबांकडे पेचकस मागितला. आबा हसले, उठले आणि माझ्या चष्म्याचा स्क्रू स्वतःच पिळून दिला. तेव्हापासून मी मागतोय आणि ते हसतायत. आपल्या सासऱ्यानं एकदा तरी तो नळाचा पाना आपल्या हातात द्यावा, एवढीच माझी मागणी होती. लोक सासऱ्याकडे गाडी मागतात. मला पाना हवा होता आणि तोही दात झिजलेला.

आणि हा पाना साधा नव्हे. तो घरचा माणूस आहे. हे मी थट्टेनं म्हणत नाही. श्रावणात आमच्या सासुरवाडीला कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसते. झाडून सगळे भाऊबंद येतात, नारळाला नथ-डोळे घालून कानबाई सजते आणि प्रसादाला रोट होतात. त्यांच्या घरी रिवाज असा, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याचे रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला कण नाही. सासरी गेलेली लेक बाहेरची, जावई तर त्याहून बाहेरचा. म्हणून आम्ही नवरा-बायको त्या दिवशी ओट्यावर बसून हॉटेलातली शेवभाजी खातो. एका वर्षी आतून आबांचा नावं घेत मुठी मोजण्याचा आवाज आला. आबांनी स्वतःची मूठ घातली, मुलाची घातली, नातवाची घातली आणि मग पान्याच्या नावाची सव्वा मूठ घातली.

अक्का तडकल्या, "त्याले काय दात शेत का खावाले?"

"शेत ना! तुन्हापेक्षा जास्त शेत!"

तेव्हापासून पान्याचे रोट दर वर्षी होतात. मी घरचा एकुलता एक जावई ओट्यावर, आणि बाजारातून आणलेला पाना पंगतीत. सांगा, कोणाच्या वाट्याला असा अपमान आला असेल?

गेल्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी झाली. काही महिन्यांपासून आबांचे हात थरथरत होते. चहाची बशी वाजायची आणि सगळे तिकडे न बघितल्यासारखं करायचे. विषय निघालाच तर आबा म्हणत, "मना हात ठीक शे. पकडच आते म्हतारी व्हयनी." तेल लावताना ते पकड घट्ट धरून तिची थरथर बसवायचा प्रयत्न करत. ते बघवत नसे.

कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी सकाळचा प्रहर होता. घर माणसांनी फुललेलं, कानबाई पाटावर, बायकांची गाणी चाललेली, आणि गच्चीवरच्या टाकीखालचा पाइप जोडातून सुटला. पाणी जिन्यावरून पायरी पायरीनं उतरत थेट कानबाईच्या पाटाकडे निघालं. मेहुण्यानं प्लंबरला फोन लावला, तर त्याच्याही घरी कानबाई. दुसऱ्याला लावला, त्याच्याही घरी. त्या दिवशी अख्ख्या पिंप्राळ्यात मोकळा प्लंबर मिळणं शक्य नव्हतं. मेहुण्यानं लाल पेटीतला लसूण ओतला आणि चकचकीत पाना घेऊन गच्चीवर धावला, त्याच्यामागोमाग मीही. तो पाना पाइपवर नुसताच घसरत राहिला आणि गच्चीभर लसणाचा वास सुटला.

तेवढ्यात आबा आपला पाना घेऊन जिना चढून आले. त्यांनी तो पाइपला लावला. तो सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तो हातातूनच निसटून टाकीवर आदळला. खालची गाणी थांबली. आबा पाण्यात बसून आपल्या हातांकडे बघत होते आणि त्या वेळी पकडीला बोल लावायलाही पकड तिथं नव्हती. मेहुण्यानं हात पुढे केला. आबांनी पाना उचलला, त्याच्यावरचं पाणी धोतरानं पुसलं आणि मेहुण्याला ओलांडून माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हना, आठे या."

पाना हातात आला तेव्हा तो अजून उबदार होता. मी जोर लावायला गेलो, तर आबा कानाशी ओरडले, "जोर नका लावा! त्याना सभाव वयखा. पहिले उलटा फिरावा, मंग सुल्टा." मी उलटा फिरवला. पान्यानं कुरकुर केली. सुलटा फिरवला, थोडा डावीकडे झुकू दिला, आणि त्याच्या उरलेल्या चार दातांनी पाइप असा धरला की सोडेचना. पाणी थांबलं. कानबाईचा पाट हातभर अंतरावरून वाचला. खाली इतका गलका झाला की शेजारच्यांना वाटलं, आमची कानबाई निघाली. ते आपली घेऊन रस्त्यावर आले आणि आमची वाट बघत उभे राहिले.

विसर्जनानंतर ओट्यावर आबांच्या शेजारी बसलो असताना मी विचारलं, पोटचा मुलगा समोर असताना मलाच का? आबांनी पान्याला तेल चोळायला घेतलं.

"तुम्हले दखाले उनूत तवय बठ्ठास्नी नाक मुरडं. पगार थोडा, केस त्यानाथून थोडा, बोलनं वाकडं. मी म्हनं, खोड वरच दिखी ऱ्हायनी, लई ल्या." मग पान्यावरून नजर न काढता म्हणाले, "सस्तामा मियनात. पन टिकनात."

मला माझ्या कार्यालयात बढतीचं पत्र मिळालं तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता. घरात जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हे आत्ता कळलं तुम्हाला? साखरपुड्याला आबा तुमच्या डोक्याचा वास घेत होते, ते काय उगीच?"

निघताना आबांनी पाना जुन्या उपरण्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. आमच्या धुळ्याच्या घरचा नळ गळतो, हे मी त्यांना कैक वर्षं सांगत होतो. मी वाट पाहिली की आता ते चपला घालतील. त्यांनी घातल्या नाहीत. फाटकाला धरून उभे राहिले आणि रिक्षा वळेपर्यंत पिशवीकडे बघत होते. त्या पेटीतलं हत्यार पहिल्यांदाच पाठराखिणीवाचून निघालं होतं. धुळ्याला पोचताच मी फोन केला, "आबा, पोचलो."

"तुम्ही पोचनात ते आयकी ऱ्हायनू. पाना पोचना का?"

यंदा कानबाईच्या आधी पुन्हा फोन आला. घरचा माणूस सणाला बाहेर राहतो का, पान्याला घेऊन या, असा हुकूम. मी पान्याला घेऊन गेलो, म्हणजे खरं तर पान्यानं मला नेलं. आत गव्हाच्या डब्यापाशी आबा बसले होते. आता हात इतके हलतात की मुठीतले दाणे परातीत कमी आणि फरशीवर जास्त पडतात. अक्का आपली ओंजळ त्यांच्या मनगटाखाली धरून बसल्या होत्या. आबांची मूठ झाली, मुलाची, नातवाची, पान्याची झाली. आबांनी हात पुन्हा डब्यात घातला.

"आते हाई कोनी?" अक्कांनी विचारलं.

"पानासंगे कोन उनं ते धुयाथून?"

मला वाटलं, जावयाच्या नावाची मूठ म्हटल्यावर अक्का आता रिवाज काढतील. त्यांनी ओंजळ तेवढी जवळ नेली. मी दारातून पटकन बाजूला झालो, कारण माझा चष्मा धुरकट झाला होता आणि पेचकस मागायची ती वेळ नव्हती.

नावाची मूठ पडली, तरी रोट मला यंदाही मिळाले नाहीत. रिवाज तो रिवाज. मी ओट्यावर शेवभाजी खात बसलो होतो. आबा हळूहळू पाय ओढत बाहेर आले, पंगतीतला पाना माझ्याशेजारी ठेवला आणि आत गेले. थोड्या वेळानं आतून हाक आली, "पाव्हना, पानाले सावलीमा ठेवा, तपी जाई!"

ओट्यावर सावली एकाच माणसापुरती होती. मी उन्हात सरकलो आणि ती जागा पान्याला दिली.