नथीसाठी टोचलेलं नाक

"पोरगी शिकेल हाय, पण नाक बसकं हाय. आमच्या घरची नथ याच्यावर कशी दिसंन?"

माझ्याच बैठकीत, मी केलेले पोहे खात, मुलाची आई माझ्या लेकीसमोर म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. 

हिंगणघाटची माणसं. कापडाची दोन दुकानं. मी नाचणगावच्या शाळेत क्लार्क, नवरा गेलेली. "नाकाचं पाहून घ्या, मंग बोलू," म्हणून ते गेले. मी लगेच कामांची वही उघडली. दवाखाना. तपासण्या. रजेचा अर्ज.

नागपूरच्या डॉक्टरांनी नाक उंच करायला आत बसवायची सिलिकॉनची पट्टी दाखवून समजावलं. शरीर अशा परक्या वस्तूभोवती पातळ पिशवी तयार करतं. ते जमलं तर पट्टी आत राहते. कातडीवर ताण आला, जंतू शिरले, तर शरीर ती बाहेर ढकलतं. कागदावर लिहून दिलं: नाक टोचू नये. ऑपरेशन झालं, पट्टी बसली; कागद मी फाइलला लावला.

दीड महिन्याने साखरपुडा ठरला. मुलाची आई नथ घेऊन आली.

"दाबाची नथ आमच्यात चालत नाई. सून टोचूनच घालते."

"डॉक्टर नाही म्हणतात."

"डॉक्टरले काय समजते आमच्या रीतीचं?"

मी वहीत लिहिलं: सोनार, सकाळी दहा. सोनारानं टोचलं तेव्हा लेकीचं डोकं मीच धरलं होतं.

पुढच्या नोंदीही माझ्याच अक्षरात आहेत. चौथा दिवस, लाली. सातवा, ठणका, ताप. अकरावा, शेंड्याची कातडी इतकी पातळ की आतलं पांढरं दिसतं. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. जखम भरता भरता नाक आक्रसलं. शेंड्यावर खळगा राहिला.

मुलाच्या आईला फोन केला. "दुसरी टाकून घ्या न. तोवर थांबतो आमी."

मी सवयीने वही ओढली. लेकीनं पानावर हात ठेवला.

"आई, सगळं लिहिलं व तू. मले विचाराचं, हे कुठंच नाई लिहिलं."

तिच्या शरीरानं बारा दिवसांत नाही म्हटलं. मी आई. मला एकदाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं हिंगणघाटला गेले. दुकानात मुलाची आईच गल्ल्यावर होती. गिऱ्हाइकांसमोर नथीची डबी त्यांच्यापुढे ठेवली.

"बसा न ताई. पानी घ्या."

"पानी नोको. मी हे लग्न मोडून राह्यली."

"अशा नाकाच्या पोरीले कोन करन मंग?"

या वेळी मी हसले नाही.

"कोनी नाई केलं तरी चालंन. पण तिच्या नाकाले आता तिच्या मर्जीबिगर कोनी हात लावन नाई. मी बी नाई."

डॉक्टर म्हणतात, पुढे तिच्याच बरगडीजवळचं मऊ हाड घेऊन नाक सावरता येईल. करायचं की नाही, ती ठरवेल. तो खळगा मी रोज जेवताना समोर बघते. बघत राहणार आहे.

माझ्या घरात पोह्यांची बशी घेऊन माझी लेक पुन्हा कुणासमोर उभी राहणार नाही.