जुनी भांडी

झाशीला राहायला आले तेव्हा माझं देवाशी बोलणं बंद होतं. असा लेख लिहिताना सुरुवात भक्तीने करायची असते हे मला कळतं, पण खोटं कशाला लिहू? रागाने मी नुसती धुमसत होते.

एकतीस वर्षं मस्कतमध्ये संसार केला. हे मूळचे झाशीचे; पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून कारकुनीसाठी आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर परत जायचं म्हणून ह्यांनी सिव्हिल लाइन्समध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दर शुक्रवारी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्यावर महालक्ष्मीच्या दर्शनाला जायचं, असले सगळे बेत ठरलेले. मी नागपूरची, मला झाशी म्हणजे दुसरा परदेशच. तरी हो म्हटलं. आणि निघायला महिना उरला असताना हे गेले.

त्या सकाळी मी पूजेला बसले होते. न्हाणीघरातून हाक आली, "अगं, जरा ये." मी म्हटलं, "आले, नैवेद्य होऊ दे." दूधसाखरेची वाटी देवांपुढे ठेवली, पाणी फिरवलं, डोळे मिटले, घंटा वाजवली आणि मग उठले. तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला!

ह्यांच्या घराण्याचे ते देव. पितळेची अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि चांदीचे दोन टाक. एकतीस वर्षं मी त्यांना न्हाऊमाखू घातलं, आधी त्यांना वाढून मग जेवले, आणि त्यांनी मला दोन मिनिटं दिली नाहीत. सामान बांधणाऱ्याने खोक्यावर काय लिहू म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "पुराने बर्तन लिख दो."

फ्लॅटमध्ये आल्यावर तर रागाला चारही दिशा मोकळ्या मिळाल्या. लिफ्ट बंद, गॅसचा पत्ता नाही, भिंतींना ओल्या रंगाचा वास. शेजारच्या बाई रोज दारात, "आंटी जी, अकेले मन लग जाता है?" मन लागायला मी काय सहलीला आले होते? माहेरी कुणी उरलं नाही, मूलबाळ नाही, होतं नव्हतं ते ह्या घरात घातलेलं. राहणं भाग होतं, म्हणून राहत होते.

चौथ्या दिवशी एक सुतार सागवानी देव्हारा घेऊन आला. मी म्हटलं, चुकून आलात. तो म्हणाला, "नहीं माताजी, भाईसाहब ने फोन पे नाप खुद लिखवाई थी। घंटी का हुक भी बोले थे।" त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने देव्हारा भिंतीला ठोकला, नमस्कार केला आणि गेला. तो गेल्याबरोबर मी ते खोकं उचललं आणि जिना पुसणाऱ्या कुसमाच्या हातात दिलं. "पुराने बर्तन हैं। ले जाओ, जो करना है करो।" पुढे नणंदेला मी फोनवर सांगितलं की चुकून दिलं गेलं. चुकून नव्हतं. मी देव घराबाहेर काढले होते.

वाटलं होतं, आता तरी जीव थंड होईल. कसला होतोय! अकरा दिवस कुसमाची नजर चुकवत राहिले. भात झाला की हात आपोआप पहिली मूद वाटीत काढायचा, आणि ती ठेवायची कुठे हे मला कळायचं नाही. रिकामा देव्हारा समोर, वरचा हुक तसाच. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, ती वाटी हातात घेऊन मी जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. पितळ आहे, मोडीत गेलंही असेल. ह्यांचं म्हणून जे उरलं होतं ते मी माझ्या हाताने घालवलं होतं. तशीच खाली धावले.

कुसमा इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत राहते. मी दारातूनच ओरडले, "वो डिब्बा कहाँ है?" तिने नुसतं फळीकडे बोट दाखवलं. तिच्या हनुमानाच्या तसबिरीशेजारी माझे चौघे ओळीने बसले होते, घासूनपुसून लख्ख. पुढ्यात पोळीचा तुकडा आणि गुळाचा खडा. अन्नपूर्णेखाली तांदूळ लागतात हे तिला कोण सांगणार? तिने गहू पसरले होते.

"डिब्बा खोलो तो जे बैठे हते," ती म्हणाली. "हमने सोची, अम्मा कौ जी ठिकाने नइयाँ। जब लौ ठिकाने आहै, तब लौ इतै रै लेहैं।" माझं मन ठिकाणावर येईपर्यंत तिने माझे देव सांभाळले होते. मग जराशी रागावूनच म्हणाली, "भूके नईं राखे, अम्मा। जो हमने खाओ, सो इनखों दओ।" स्वतः खाल्लं तेच तिने त्यांना दिलं होतं.

मी तिचे हात धरले. इतकी वर्षं मी समजत होते की देवांना मी जेवू घालते. मी हात काढून घेतला आणि त्यांचं काही अडलं नाही; जिन्यातून एक हात पुढे आला. मग मला तरी कुणी टाकलं होतं का, हा प्रश्न तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा पडला.

देव आता देव्हाऱ्यात आहेत, घंटा हुकाला आहे. माझा राग गेला म्हणाल तर नाही गेला. रोज पूजेला बसल्यावर मी त्यांना चार शब्द सुनावतेच, फक्त आता तोंडावर सुनावते. अन्नपूर्णेखाली कुसमाचे गहू तसेच ठेवलेत.

परवा नैवेद्याची वाटी हातात होती, डोळे मिटायचे होते, तेवढ्यात दारातून हाक आली, "अम्मा, तनक आइयो!" म्हणजे, जरा या. बादली जड झाली होती कुसमाची. मी वाटी तशीच खाली ठेवली आणि उठले. बादलीला हात लावला, तिला पाणी दिलं, दोन शब्द बोलले आणि मग परत येऊन बसले. देव थांबले होते.