बाजेवाल्यांनी नेलेला थांबा

आमच्या गावात लग्न ठरलं की नवरीच्या घरचं माणूस आधी भटजीकडे जायचं आणि मग माझ्याकडे. हळदीची गाणी म्हणायला मी. शिकवली कुणी नाहीत, कापूस वेचता वेचता जमली. मी म्हणायला लागले की बाया डोळ्यांना पदर लावायच्या, आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं. नवरीला रडवणार कोण, तर मी.

मग हा बँड आला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याच्या जिनिंगात कापसाच्या गाठी ओढणाऱ्या पाचसहा जणांनी मिळून काढलेला. सुरुवातीला दोन ताशे आणि एक ढोल, त्या ढोलाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. एका लग्नात तर लोकांनी त्यांना आधीच जेवायला बसवलं, तेवढंच शांत राहतील म्हणून. मीही हसले होते. पुढं त्यांना एक क्लॅरिनेटवाला मिळाला. किडकिडीत, कुणाशी न बोलणारा. बघता बघता लाल कोट आले, कोटांना झालर आली, खामगाव, मलकापूर, पार वर बुलढाण्याच्या सुपाऱ्या आल्या. लोक त्यांना विचारून लग्नाची तारीख धरायला लागले! मला कधी कुणी तारीख विचारली नाही.

वाजवायचे कसे, तेही सांगते. आधी ताशे असे कडाडायचे की गोठ्यातले बैल दावं ओढायचे. ढोलवाला गळा फाडून ओरडायचा, शब्द काही नाही, नुसतं ओरडणं. पोरं वेडी व्हायची. आणि त्या कल्लोळातून ते क्लॅरिनेट निघायचं, मधासारखं गोड. लोक सांगायचे, मग मधेच एका जागी सगळं बंद. सूरसुद्धा अर्धाच सोडलेला. आणि परत धाडकन सगळे एकत्र. लोक सांगायचे म्हणते, कारण मी शेवटपर्यंत कधी ऐकलंच नाही. क्लॅरिनेट सुरू झालं की मी उठून भांड्यांकडे जायची आणि मुद्दाम आपटून घासायची.

शेजारीण म्हणाली, "बाई वो, त्या थांब्यात त जीवच निंघून जाते."

"मंग वापस आनून देतात का, इचार त्यायले," मी म्हटलं.

पण रडत होत्या त्या माझ्याच बाया. ते मला सोसेना.

अशात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. पोरगी म्हणते, "माय, पाठवनीले बँडच पाह्यजे."

"अन मी?"

"तू हळदीले म्हन ना. पाठवनीत तुहा आवाज कोन आयकीन? चार बायायलेच त आयकू येते."

चार बायायले! कुरडया घालताना मी सोऱ्या नुसता कराकरा पिळला. यांनी विचारलं, "बँड सांगू का नको?"

मी म्हटलं, "सांगा. बाकी समदं मले न इचारता ठरोलं, बँडच काऊन मांगं ठेवता?"

हळदीला मात्र मी जीव ओतून गायले. माझी रीत अशी, की अर्धी ओळ म्हणायची, आंब्याचं पान हळदीत बुडवून नवरीच्या गालाला लावायचं, मग उरलेली अर्धी. हात चालला की गाणं थांबायचं. बायाही गप्प, सगळ्यांचे डोळे त्या पानावर. बाजेवाले मुक्कामालाच आले होते. क्लॅरिनेटवाला कनातीपलीकडे पाठ करून चहा पीत बसलेला. मी थांबले की त्याची बशीही तोंडाजवळ थांबायची. मला वाटलं, चिडवतोय मेला.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. लेक बैलांच्या दमणीत बसलेली, आता मी उठून भांड्यांकडे कशी जाणार? ताशे कडाडले, ढोलवाला ओरडला, क्लॅरिनेट निघालं. आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली. चाल माझी होती! हळदीची, माझी! एवढ्यात तो थांबा आला. सगळं चिडीचूप. आणि माझा उजवा हात आपोआप उठला, दोन बोटं पान धरल्यासारखी, लेकीच्या गालाकडे.

तेव्हा कळलं. आधीच्या कुठल्यातरी हळदीलाही त्यानं असंच कनातीपलीकडून माझं गाणं ऐकलं होतं, हात पाहिला नव्हता. थांबा चालीतलाच समजला बिचारा.

लेक हुंदके देत होती. माझा हात बघून आधी थबकली, मग रडता रडता फिसकन हसली. "माय वो, हे त हळद लावाचं हाय!" तिनं गाल पुढं केला. माझी बोटं टेकली आणि धाडकन ताशे सुरू.

दमणी वळल्यावर मी त्याला गाठलं. "भाऊ, त्या जागी काऊन थांबता?"

"काकू, चालच तशी हाय. तिथं नाही थांबलं त खोटी वाट्टे."

"अन चाल कोनाची?"

"लगनातली हाय. बायायची."

बायायची म्हणे!

पुढं ते अकोल्याला गेले, जळगावला गेले. दुसरे बँडही त्याच जागी थांबायला लागले. कुठंही तो थांबा आला की लोकांचे डोळे भरतात, माझा हात उठतो, आणि मी जळते ती जळतेच.

लेकीनं सासरी सांगितलं, ही चाल माझ्या मायची. तिची सासू म्हणाली, "हाव का? मंग ढोल कोन, तुहे बाबा वाजवत काय?"