रोझी आपोंनी टेकवलेली करंडी

रोझी आपो, म्हणजे रोझी आजोबा, आमच्या गावातले सगळ्यात कमी बोलणारे म्हातारे. बायका म्हणायच्या, यांची जीभ वर बर्फातच राहिली. मी शाळामास्तर, बोलण्यावर पोट भरणारा, त्यामुळे हा माणूस मला कधी कळलाच नाही. कळला तो गेल्या मे महिन्यात, सगळ्या गावाबरोबर.

आमच्या खालच्या आळीतली सात घरं ज्या ओढ्यावर जगली, त्याचा बर्फ माणसांनी लावलेला आहे. आपो एकोणीस वर्षांचे असताना गावानं बर्फाचं लग्न लावलं. एका खोऱ्यातून काळा, दगडगोट्यांचा नर बर्फ आणि दुसऱ्यातून निळसर मादी बर्फ तरुणांनी करंड्यांत भरून पाठीवर आणला. वरच्या सावलीतल्या घळीत कोळसा आणि भुसा घालून तो दगडांखाली एकत्र पुरला. नियम दोनच. वाटेत बोलायचं नाही आणि करंडी जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर बर्फ धरत नाही.

तो धरला. काही वर्षांत ओढा वाहू लागला, उजाड माळावर जव आणि जर्दाळू उभे राहिले. तेव्हापासून दर वर्षी थंडीच्या तोंडावर आपो एकटेच वर जायचे आणि निसटलेले दगड पुन्हा रचून यायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा तोंडावर विचारलं, "काय आपो, नवरा-नवरीचं भांडण मिटवायला निघालात का?" ते हसले नाहीत. ती थट्टा आठवली की आज माझी मलाच लाज वाटते.

गेल्या दहा वर्षांत ओढा बारीक होत गेला. आधी ऑगस्टमध्ये आटायचा, मग जुलैमध्येच आटायला लागला. सातातली तीन घरं कुलूप लावून स्कर्दू शहरात राहायला गेली. म्हाताऱ्या बायका कुजबुजू लागल्या, त्या वेळी कुणीतरी करंडी टेकवली असणार, त्याचं आपण भोगतोय. शेवटी गावानं नवं लग्न लावायचं ठरवलं. पहिल्या करंडीला हात लावायचा मान आपोंना दिला, तर त्यांनी सरळ पाठ फिरवली. लोकांनी त्यांना शिष्ट ठरवलं, आणि त्या लोकांत मीही होतो.

विद्यापीठाची दोन माणसं तीन उन्हाळे आमच्या बर्फात खांब रोवून मापं घेत होती. लावलेला बर्फ आणि ज्या दोन हिमनद्यांमधून तो आणला त्या, अशा तिन्ही ठिकाणी. मे महिन्यात ती निष्कर्ष सांगायला आली. मशिदीच्या अंगणात गाव जमला. त्यांतल्या डॉक्टर नर्गिस उर्दूत बोलत होत्या, मी ते आमच्या बाल्टी बोलीत सांगत होतो. जगभरचा बर्फ वितळत होता तेव्हाही आपल्या डोंगरांतला बराचसा टिकून होता, त्या म्हणाल्या, पण आता तोही झिजायला लागलाय. जिथे फक्त हिम पडायचं, तिथे पाऊस पडतोय. तुमचा लावलेला बर्फ दहा वर्षंही काढणार नाही. नर आणि मादी या दोन्ही हिमनद्यांचीही तीच गत आहे, म्हणजे पुन्हा लग्न लावूनही बर्फ धरेल असं वाटत नाही.

हे शेवटचं वाक्य मी सांगून संपवलं. तेवढ्यात आपो उठून उभे राहिले.

"मास्तर, या बाईंना सांग. मी टेकवली होती. मादीची करंडी. पायातल्या जोड्याचा बंद तुटला होता, तो बांधेपर्यंत. कुणी पाहिलं नाही. त्यानंच झालं ना हे?"

मग त्यांच्याबरोबर तेव्हा ओझं वाहिलेले हाजी मेहदी खोकत खोकत म्हणाले, "खाली बस रे रोझी. मी दोनदा टेकवली होती. एकदा तर तिला टेकून डुलकी काढली." गाव खो खो हसला. मी नर्गिसबाईंना सगळं सांगितलं. त्या मात्र हसल्या नाहीत. आपोंजवळ येऊन म्हणाल्या, "तुमची चूक नाही. या गावात कुणाचीच नाही. सगळ्या जगाच्या धुरानं हवा तापलीय, त्यानं झालंय हे."

मला वाटलं, चला, म्हातारा सुटला. पंचावन्न वर्षं एकट्यानं उराशी धरलेली गोष्ट, एका दुपारी मोकळी झाली. मी खुशीत त्यांना घरी पोचवायला निघालो. चढावर ते एका बांधावर बसले. मी म्हटलं, आता तरी हलकं वाटतंय ना?

"कसलं हलकं?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी इतकं बोलले. "माझी चूक होती तोवर इलाज होता. मी चारचौघांत कबूल करायचं, माझा हात न लागलेला नवा बर्फ पोरांनी आणायचा, की पाणी परत येणार. मी नुसता धीर गोळा करत होतो. आता सांग मास्तर, कुणी काय कबूल केलं म्हणजे पाणी येईल?"