वैऱ्याचा डबा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. पण उल्हासनगर कॅम्प दोनच्या साडीच्या दुकानातलं ते प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. नावं सांगणार नाही. माणसं आपल्याच भागात नांदत आहेत.

मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधलं सगळं मेहनतीनं मिळवलं, कुणाच्या चिठ्ठीनं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं मी हट्टीपणा केला तो का केला ते कळेल.

संध्याकाळची हजेरी चालू होती. अंबरनाथच्या बुवापाड्यातलं एक जोडपं ठाण्यात आलं. बाप कारखान्यातून थेट आलेला, अंगावर अजून गणवेश. त्यांची तेवीस वर्षांची मुलगी त्या दुकानात ड्रेसच्या काउंटरवर कामाला. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून बाप दुकानात न्यायला गेला, तर मुलगी नाही. दुपारीच निघून गेली होती. फोन बंद.

मिसिंगची नोंद घेत होतो तेवढ्यात शेजारच्या दुकानाचे सिंधी शेठ आत आले. म्हणाले, "साईं, मेरे सामने हुआ है. साडीवाला लडका उसको बोला, कल से दिखी तो देख लूंगा. दोनों का रोज का झगडा है. पूरा मार्केट जानता है."

बाप ताडकन उठला. "साहेब, त्यानंच काहीतरी केलंय. अपहरणाचा गुन्हा लिहा!"

मी दुकानात गेलो. मालकापासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलं. पंख्यावरून भांडण, गिऱ्हाइकावरून भांडण. हा साडीच्या काउंटरवरचा पोरगा बायकांना दाखवायला साडी स्वतःच्या अंगावर नेसायचा, आणि ती पलीकडून ओरडायची, "अरे, म्हशीला पैठणी!" हा म्हणायचा, "तुझ्या ड्रेसपेक्षा गोणपाट बरं." मालक म्हणाले, "मी दोनदा समजावलं. प्रेमबिम चालत नाही माझ्या दुकानात, एका जोडीला काढलंय मी. पण वैर कसं काढायचं?"

पोराला ठाण्यात आणलं. बदलापूरजवळच्या खरवईचा, शेतकरी घरातला. खुर्चीत मान खाली घालून बसला.

"कुठाय मुलगी?"

गप्प.

"धमकी दिलीस?"

"दिली."

"मग?"

"मारा साहेब. मला काही बोलायचं नाही."

आता, जो गुन्हा करतो तो आधी बोलतो. मी नव्हतोच तिथं, याला विचारा, त्याला विचारा. हा पोरगा धमकी कबूल करतो आणि मार मागतो. माझ्या डोक्यात ते बसेना. माझा हात उठला नाही. आमचे वरिष्ठ म्हणाले, "वेळ कशाला घालवता? गुन्हा दाखल करा, रात्र लॉकअपमध्ये काढली की बोलेल." मी म्हटलं, "साहेब, आधी झडती पंचनामा करू."

पिशवीतलं सामान टेबलावर काढलं. पाकीट, मोजटेप, स्टीलचा डबा. आणि मुलीची आई किंचाळली.

"हा आमचा डबा आहे! माझ्या लग्नातला. ही कडी मीच तारेनं बांधलीय. सकाळी हिनं नेला होता!"

बाप त्या पोराच्या अंगावरच धावला. दोन शिपायांनी धरला. वरिष्ठ माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तरी लिहा." मुलगी बेपत्ता, धमकी दिलेली, आणि तिची वस्तू याच्याकडे. कागदावर केस पक्की होती.

मी डबा उघडला. स्वच्छ धुतलेला, पुसलेला. आणि आत काठोकाठ जांभळं. टपोरी, देठासकट.

मी आईला विचारलं, "ताई, ही तुमची?"

"नाही हो. मी चपाती आणि मेथी दिली होती."

मग मला काही विचारायची गरज उरली नाही. आपल्याकडे शेजारणीचा डबा आला तर रिकामा परत जातो का? चिमूटभर साखर तरी घालतो आपण. हा पोरगा तिची मेथी खाऊन, डबा घासून, त्यात घरून आणलेली जांभळं भरून बसला होता. वैऱ्याचा डबा असा कोण परत करतो? दोघं रोज डबे बदलून खायचे आणि शटर पडताना आपापला परत घ्यायचे. त्या दिवशी ती घाईत निघाली आणि अदलाबदल राहून गेली.

मी पोराला म्हटलं, "भांडण मालकासाठी होतं ना? कुणाला संशय येऊ नये म्हणून?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरलेले.

"साहेब, तिला ओढून त्या पाहुण्यांसमोर बसवणार नसाल तर सांगतो."

"ती सज्ञान आहे. तिच्या मनाविरुद्ध तिला कोणी हलवणार नाही. मी उभा आहे."

ती खरवईला त्याच्या आत्याकडे होती.

बाईचा जबाब ती असेल तिथं जाऊन घ्यायचा असतो. महिला हवालदार, आईबाप आणि त्या पोराला घेऊन गाडी काढली. आत्या दारातच उभी होती. "पोरगी माझे घरान हाय, साहेब. जेवलीय पन. पोराला हात लावलाव का?"

मागून मुलगी आली. आधी पोराला नखशिखांत पाहिलं, आणि सुरूच झाली. "डबा पिशवीत ठेवून फिरतोस? झाडूवाल्या मावशीकडे ठेवायला काय झालं होतं?"

"तू सांगून निघालीस का? माझा डबा कुठाय?"

"खाल्ला! आणि सुकट खारट होती!"

महिला हवालदार तोंड फिरवून हसत होती. मी विचारलं, "बाई, तुमचं हे भांडण खरं की नाटक?"

"निम्मं निम्मं, साहेब."

बाप मात्र हसला नाही. ओटीवर बसून राहिला. त्याचा फोन वाजत होता, पाहुणे घरी येऊन बसले होते. शेवटी तो मुलीला म्हणाला, "घरी येतेस का?"

वरिष्ठांचा मला फोन होता, मुलीला आईबापाच्या ताब्यात देऊन मोकळे व्हा. मी जागचा हललो नाही. ती काय म्हणेल तेच जबाबात लिहिणार होतो.

ती म्हणाली, "येते, पप्पा. पण पाहुण्यांना नाही म्हणायचं ते तुम्ही. मी त्यांच्यासमोर जाणार नाही, आणि लग्न याच्याशीच करणार."

बापानं वाजणारा फोन हातात घेतला. मग कानाला लावून म्हणाला, "माफ करा. मुलीचं आधीच ठरलंय. मलाच कळलं नव्हतं." आईनं पदर तोंडाला लावला. मी जबाब तसाच्या तसा लिहून घेतला, सही घेतली.

त्यानंतरही पुष्कळ गप्प माणसं माझ्यासमोर त्या खुर्चीत बसली. गप्प बसला म्हणजे गुन्हेगार, असं खात्यात सगळेच धरून चालतात. मी ते त्या दिवसापासून सोडून दिलं. आधी चहा मागवायचो आणि एकच विचारायचो, "कुणासाठी गप्प आहेस?" चोरटे त्यावर हसायचे. पण जे खरोखर कुणाला तरी पाठीशी घालून बसलेले असायचे, ते त्या एका प्रश्नावर रडायला लागायचे.